उत्तराखालची रेघ

मार्च महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, नदीपलीकडच्या वस्तीतील एका चारमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्या मधोमध ठेवलेल्या जेवणाच्या टेबलाशी, बारावीच्या जीवशास्त्राच्या पेपराला अठरा तास पन्नास मिनिटे उरली असताना, एका अनोळखी मुलीने पेनाचे टोक कागदावर दोनदा टकटकवले आणि ती शेजारच्या मुलीला म्हणाली, "सोपं आहे गं." त्याच क्षणी दाराशी पन्नाशीला टेकलेला एक गृहस्थ डाव्या पायातला बूट काढून उजव्या बुटाची नाडी सोडायला वाकला होता. तो तसाच वाकलेला राहिला. नाडीचे टोक त्याच्या चिमटीत होते, ओढले की सुटले असते. पण बोटांना पुढची आज्ञा मिळत नव्हती. शब्द तीनच, आणि जगात कोणीही कोणालाही म्हणावेत असे. त्या शब्दांआधीची ती दोनदा केलेली टकटक मात्र सगळ्या जगाची नव्हती. ती एकाच माणसाची होती आणि त्या माणसाशी तो एकतीस वर्षांत एक अक्षर बोलला नव्हता.

हा गृहस्थ जीवशास्त्राचा शिक्षक होता. त्याच्या माघारी मुले त्याला रेघमास्तर म्हणत. हे त्याला ठाऊक होते आणि, खरे सांगायचे तर, मनातून आवडतही होते. बरोबर उत्तरावर तो इतर शिक्षकांसारखी घाईची खूण करीत नसे. सदऱ्याच्या खिशातली सहा इंची पोलादी पट्टी काढून तो उत्तराच्या शेवटच्या ओळीखाली लाल शाईची एक सरळ रेघ ओढी. चुकीच्या उत्तराखाली काहीच नसे. ते का चुकले हे तो तोंडाने, सविस्तर आणि समोरच्याचा जीव मेटाकुटीला येईपर्यंत सांगे. रेघ म्हणजे उत्तर तपासले गेले, यापुढे त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. सव्वीस वर्षांत ती एकदाही चुकीच्या उत्तराखाली पडली नव्हती, आणि "रेघ मिळाली" हा त्या शाळेतला रूढ शब्दप्रयोग झाला होता. शिक्षकांच्या खोलीतला गणिताचा मास्तर एकदा म्हणाला होता, "तुम्ही लग्नाच्या कागदावर सही केलीत की रेघ मारलीत हो?" यावर त्याने गंभीरपणे "सही" असे उत्तर दिले होते आणि सगळे का हसले हे त्याला घरी पोहोचल्यावर कळले होते.

घरातली मुलगी त्याची भाची. बहीण परगावी होती आणि मुलगी दोन वर्षांपूर्वी शिकायला मामाकडे आली होती. पेन्सिलींची मागची टोके कुरतडण्याच्या सवयीमुळे घरात आणि मैत्रिणींत तिला खार म्हणत. खार अभ्यास एकटीने करीत नसे. कधी कोणी मैत्रीण घरी येई, कधी फोनवरच्या त्यांच्या गटात प्रश्न फिरत. एकीने सोडवायचा, दुसरीने तपासायचा, आणि दोघींचे पटले की मामापुढे रेघेसाठी धरायचा, असा शिरस्ता होता. आज आलेली मुलगी नवी होती. रेघमास्तराने अखेर नाडी ओढली, बूट जागेवर ठेवला आणि सरळ होताना तिच्याकडे एका बाजूने पाहिले. केस कानामागे घेतलेले. कानाची पाळी सुटी नव्हती, गालाला थेट चिकटलेली होती, त्या माणसाची होती तशीच. पाळीचा प्रश्न पुस्तकात सांगतात तितका सरळ नसतो, एका पाळीवरून बाप ठरवता येत नाही, हे तो दरवर्षी वर्गात बजावून सांगत असे. पण त्या पाळीवर खिळलेल्या त्याच्या नजरेला पुस्तकाशी कर्तव्य नव्हते.

त्याला सोप्या आठवला. सोप्या हे त्याचे शाळेतले नाव, कारण त्याला काहीही विचारा, तो आधी पेन दोनदा आपटायचा आणि "सोपं आहे रे" म्हणायचा; आणि ते खरोखर सोपे करून दाखवायचा, हीच त्यातली चीड आणणारी गोष्ट होती. प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला, जिथे फॉर्मॅलिनच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घालून ठेवत, तिथल्या तीन पायऱ्यांवर ते दोघे दोन वर्षे बसले. आकृत्या याच्या, गणिते त्याची. हृदयाचे कप्पे, फुलाचा उभा छेद, मूत्रपिंडाची सूक्ष्म नळी हे सारे हा काढून द्यायचा, आणि इतके नेटके की सोप्या ते पारदर्शक कागदावर गिरवून घ्यायचा. आनुवंशिकतेची, पेशीविभाजनाची, टक्केवारीची गणिते सोप्या सोडवून दाखवायचा. देवाणघेवाण चोख होती. कोणी कोणाचे उपकार मानायचे नाहीत, असे त्यांनी कधी म्हटले नव्हते, पण तसेच होते. दोघांनाही वैद्यकीय महाविद्यालयात जायचे होते, आणि दोघांनाही ते मिळेल याबद्दल त्या पायऱ्यांवर कधी शंका उपस्थित झाली नाही. पायऱ्यांना दुपारी उन्हाचा चटका असे. बाटल्यांमधून एक गोडसर, घशाला टोचणारा वास येई. तो वास अजूनही शाळेत कपाट उघडले की येतो, आणि दर वेळी रेघमास्तर कपाटाचे दार गरजेपेक्षा थोडे जोराने लावतो.

पेपराच्या आदल्या दुपारी त्याने सोप्याला तो प्रश्न विचारला होता. जिवाणू जड नायट्रोजनवर वाढवले. त्यांच्या जनुकद्रव्याच्या, म्हणजे डीएनएच्या, प्रत्येक रेणूतले दोन्ही धागे जड. मग त्यांना हलक्या नायट्रोजनवर ठेवले. दर वीस मिनिटांनी एक विभाजन. ऐंशी मिनिटांनंतर किती अंश रेणू मिश्र असतील, म्हणजे ज्यांत एक धागा जुना जड आणि एक नवा हलका? सोप्याने पेन दोनदा आपटले. चार विभाजने, एका रेणूचे सोळा, सोळांचे धागे बत्तीस, जड धागे दोनच, बत्तीसांत दोन, एक छेद सोळा. सोपं आहे रे. त्याने ते वहीत उतरवले आणि घरी जाऊन पाठ केले. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न आला. तीन गुणांचा. त्याने सुबक अक्षरात एक छेद सोळा लिहिले. बाहेर फाटकाशी सोप्या सायकलच्या चाकात हवा भरत होता. मान वर न करता त्याने विचारले, "एक छेद आठ आलं ना तुझं?"

"एक छेद सोळा. तूच तर काल—"

"हां, ते? ते मी संध्याकाळीच दुरुस्त केलं की. रेणू विचारलेत, धागे नाहीत. सोळांत दोन." मग पंपाचा दांडा हातात तसाच धरून तो म्हणाला, "तुला नाही कळलं?"

दोघांच्या घरांत चार घरांचे अंतर होते. आणि त्या संध्याकाळी, हे रेघमास्तराने कधीही विसरू दिले नाही, स्वतःला नाही आणि मनात भरवलेल्या न्यायसभेलाही नाही, सोप्या याच्या ओसरीवरून गेला होता. हातात दुधाची पिशवी होती. त्याने हात हलवला होता. दुरुस्ती हात हलवण्याआधीची की नंतरची, या एका मुद्द्यावर एकतीस वर्षे सुनावणी चालू होती. वादी तोच, प्रतिवादीचा वकीलही तोच. आणि तो जातिवंत वाद घालणारा असल्यामुळे प्रतिवादीची बाजूही त्याने प्रामाणिकपणे मांडली होती. दुरुस्ती नंतर सुचली असेल. विसरला असेल. याला आपोआप कळेल असे वाटले असेल. हरेक युक्तिवादाला त्याने उत्तर तयार ठेवले होते, आणि शेवटी पंपाच्या दांड्यावरचा तो स्थिर हात पुरावा म्हणून हजर करी. खरोखर विसरलेला माणूस दचकतो, चुकचुकतो. सोप्या दचकला नव्हता. निकाल लागला तेव्हा वैद्यकीयची यादी याच्या एका गुणाआधी संपली. बाप म्हणाला, शिक्षकी काय वाईट आहे. आणि वाईट नव्हतीच. म्हणूनच तर तक्रार कोणापाशी करता येत नव्हती. पत्नी एकदा म्हणाली होती, "तुम्ही राग इस्त्री करून, घडी घालून ठेवता. एखाद दिवशी घाला तरी." ती विमा कचेरीत नोकरीला होती, साडेसातला परत येई, आणि तिचे हे बोलणे त्याने त्या वेळी अतिशयोक्ती म्हणून खोडून काढले होते.

"मामा, आलात? चहा झाकून ठेवलाय," खार म्हणाली. "ही माझी मैत्रीण. क्लासमधली. हिचे बाबा डॉक्टर आहेत, आणि ते म्हणे तुमच्या वर्गात होते!"

"नमस्कार मामा," ती मुलगी अर्धवट उठत म्हणाली. "बाबा तुमच्याबद्दल खूप सांगतात. तुमच्यासारखी आकृती अख्ख्या शाळेत कोणाची नव्हती म्हणतात. त्यांच्याकडे तुमची एक आकृती अजून आहे, मूत्रपिंडाची. दवाखान्यात कपाटाला आतून चिकटवलीय."

"गिरवलेली असेल," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. बसा. अभ्यास चालू द्या."

"बाबा म्हणाले, शेवटच्या दिवशी काही अडलं तर दुसऱ्या कोणाला विचारत बसू नकोस, खारीच्या मामांनाच विचार. त्यांनी हो म्हटलं की डोळे मिटून लिही."

तो स्वयंपाकघरात गेला आणि चहाच्या कपावरची बशी उचलून पुन्हा ठेवली. खूप सांगतात. म्हणजे हा माणूस आपल्याविषयी घरी बोलतो. जेवताना, पाय लांब करून, मायेने. एकतीस वर्षे आपण ज्याच्यावर खटला चालवतो आहोत, त्याला समन्सही मिळालेले नाही. याने त्याला जितका संताप आला तितका मूळ गोष्टीनेही कधी आला नव्हता. अपराध करून विसरणे समजू शकते, पण अपराध करून प्रेमाने आठवण काढणे म्हणजे काय? कपाटाला आतून चिकटवलेली आपली रेघ न् रेघ रोज सकाळी दार उघडून पाहायची, हातमोजे काढायचे आणि दार लावायचे. चहा निवला होता, वर साय धरली होती. त्याने तो तसाच प्यायला. साय टाळूला चिकटली, तीही त्याने जिभेने सोडवली नाही.

बाहेर दोघींचे चालले होते. "अगं, पण रेणू म्हटलंय ना?" खारीचा आवाज. "तेच ते गं. बघ, धागे किती? बत्तीस. जड किती? दोन. ते कुठे जात नाहीत, नष्ट होत नाहीत. मग बत्तीसांत दोन. एक छेद सोळा. सोपं आहे." टकटक. स्वयंपाकघरातल्या माणसाने ओट्याच्या कडेवर तळहात टेकवले. ही चूक जगावेगळी नव्हती. दरवर्षी शंभरांतली चाळीस मुले ती करतात. धागे आणि रेणू यांचा घोळ हा या धड्यातला ठरलेला खड्डा आहे, आणि मुलीने बापाकडून ती वारशाने घेतली असे मानणे हा अडाणीपणा ठरला असता. हे सारे त्याला माहीत होते. तरीही त्या आवाजात, त्या टकटकीत, त्याच प्रश्नाचे तेच चुकीचे उत्तर परीक्षेच्या आदल्या दुपारी त्याच्या घरात चालत आले होते, त्याने बोलावलेले नसताना. आणि आयुष्यात इतकी नेटकी गोष्ट त्याच्यापुढे कोणी आणून ठेवली नव्हती.

"मामा, रेघ!" खारीने हाक मारली.

तो बाहेर आला, खुर्ची ओढून बसला, चष्मा बदलला. पान त्या मुलीच्या वहीचे होते. वरचे उत्तर परागनलिकेच्या आकृतीचे; त्यात एका बाणाचे टोक बीजांडाच्या भलत्याच थराला लागले होते. त्याने लाल पेनने बाण अर्धे बोट डावीकडे सरकवला आणि सवयीने म्हणाला, "बाण म्हणजे बोट दाखवणं. ज्याच्याकडे दाखवायचं त्याच्याकडेच दाखवा, शेजाऱ्याकडे नको." दोघी हसल्या. आकृतीखाली रेघ पडली. मग त्याची नजर खालच्या उत्तरावर आली. त्याने ते वाचले. एकदा, मग पुन्हा, बोट ओळीखाली धरून. बत्तीसांत दोन. एवढ्यात तोंड उघडायचे आणि म्हणायचे, रेणू की धागे? तीन शब्द. ते जिभेवर तयार होते. सव्वीस वर्षांत हजारदा उच्चारून गुळगुळीत झालेले. मुलगी त्याच्याकडे पाहत होती, विश्वासाने नव्हे, विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच न पडलेल्या नजरेने. तिच्या भुवईत शाईचा एक ठिपका लागला होता. त्याने पोलादी पट्टी उत्तराखाली ठेवली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी दाबून धरली आणि डावीकडून उजवीकडे, मध्ये पेन न उचलता, रेघ ओढली.

मुलगी साडेचारला गेली. जाताना चपला घालत म्हणाली, "थँक्यू मामा, आता मला झोप येईल." तो गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि तिला रस्ता ओलांडताना पाहिले. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, वहीत ती रेघ. आपल्या अंगातून काहीतरी काढून तिच्या हाती दिले आहे आणि ती ते बापाच्या घरी नेते आहे, असे त्याला वाटले, आणि छातीत एक ऊब पसरली जी लाजिरवाणी नव्हती, निदान तेव्हा तरी. तो हिशेबी माणूस होता. सूडालाही त्याने शक्यता लावून पाहिली. गेल्या एकोणीस वर्षांत हा प्रश्न अकरा वेळा आला. सलग तीन वर्षे आलेला नाही. म्हणजे यंदा येण्याचा संभव निम्म्याहून जास्त. तीन गुण. वैद्यकीयला आता वेगळी परीक्षा असली तरी इतर याद्या बारावीच्या गुणांवरच लागतात, आणि यादी कुठे संपेल हे कोणी सांगावे. एखाद्या गुणावरही संपते, त्याने पाहिले होते. मग जून महिना, दवाखाना, कपाटाचे दार उघडलेले, आणि सोप्या मुलीला विचारतो आहे, अगं पण तू त्यांना दाखवलं होतंस ना? आणि ती म्हणते, त्यांनी रेघ मारली होती. सोप्या रेघेकडे पाहतो. त्याला फाटक आठवते, पंप आठवतो. या ठिकाणी त्या चित्राची चव सर्वांत गोड होती आणि त्याने ते तीनदा, चारदा मागे घेऊन पुन्हा पाहिले. पाचव्या वेळी मात्र सोप्याला काहीच आठवेना. तो नुसता वहीकडे बघून म्हणाला, अरेरे, म्हातारा झाला बिचारा. गॅलरीच्या कठड्याचे लोखंड उन्हाने तापले होते आणि रेघमास्तराने त्यावरचा हात जरा उशिराने काढला.

धागे नष्ट होत नाहीत, मुलगी बरोबर म्हणाली होती. त्या प्रयोगात त्याला नेहमी हेच विलक्षण वाटत आले होते. किती पिढ्या होवोत, सोळा होवोत की सोळा हजार, ते दोन जुने जड धागे तसेच राहतात. कुठल्यातरी दोन रेणूंत, नव्या हलक्या धाग्याला मिठी मारून. त्यांचे प्रमाण घटत जाते, इतके की उपकरणाला दिसेनासे होते, पण वजन रतीभरही कमी होत नाही. वर्गात हे सांगताना त्याचा आवाज नकळत खाली येई आणि मागच्या बाकावरची मुलेही क्षणभर चुळबुळ थांबवीत. त्यांना वाटे सर विज्ञानाने भारावले आहेत.

एक गोष्ट उरली होती आणि ती त्याने रेघ ओढण्याआधीच ठरवली होती. खारीने तेच उत्तर लिहून नेता कामा नये. सहा वाजता तिने खिडकी उघडली, पाय वर घेऊन खुर्चीत बसली आणि पेन्सिल तोंडात घातली, तेव्हा तो समोर येऊन बसला. आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हणाला, "ते जड नायट्रोजनचं उत्तर. मघाचं. एक छेद आठ येतं ते. रेणू मोजायचे, धागे नाहीत. दोन जुने धागे दोन वेगळ्या रेणूंत जातात, म्हणजे मिश्र रेणू दोन, एकूण सोळा. लिहून घे."

खारीने लिहून घेतले. मग लिहिलेल्याकडे पाहिले. "म्हणजे माझंच बरोबर होतं की! मी तिला म्हणत होते, रेणू म्हटलंय म्हणून." तिचा चेहरा आधी उजळला. मग ती पाय खाली सोडून म्हणाली, "अय्या, मग तिला सांगायला हवं."

"असू दे. आता तिची उजळणी चालू असेल. आयत्या वेळी एकेक बदलत बसलं की सगळंच डळमळतं."

"अहो मामा, पण चूक आहे ना ते?"

"तिची तिला कळेल. हुशार आहे."

"कशी कळेल? तुमची रेघ आहे त्याखाली." हे ती सहज म्हणाली. बोलून झाल्यावर मात्र ती थांबली आणि तिने पेन्सिल तोंडातून काढून टेबलावर आडवी ठेवली. "मामा, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? ती समोरच बसली होती."

"तेव्हा लक्षात नाही आलं."

"वाचलं नव्हतंत?"

"घाईत असेन."

खार त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावर जी बारीक आठी पडली ती त्याने ओळखली. एखादे गणित जुळत नसले की ती पडे. त्याच पानावर त्याने परागनलिकेचा बाण अर्धे बोट सरकवला होता. हे तिला आठवते आहे, हे त्याला दिसत होते. घाईत असलेला माणूस बाण सरकवीत नाही.

तिने फोन उचलला. त्याने नुसते "अगं" म्हटले. तिने फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज खोलीभर मोठा केला, जसा ती नेहमीच करी, आणि पलीकडून ती मुलगी काहीतरी खात खात म्हणाली, "बोल गं खारूताई."

"ऐक ना, ते जड नायट्रोजनचं चुकलंय. एक छेद आठ आहे ते."

"चल! मामांनी रेघ मारलीय. मी बाबांनाही दाखवली. ते म्हणाले, ती रेघ आहे ना, मग मी बघतच नाही."

खारीने फोन मामाकडे सरकवला. काचेवरून सरकताना त्याचा बारीक आवाज झाला. "तुम्ही सांगा," ती म्हणाली.

त्याने सांगितले, आणि चांगले सांगितले. पहिल्या विभाजनापासून, एकेक पिढी करून, धागे कुठे जातात ते असे मांडले की त्याला स्वतःलाच आपला आवाज वर्गातला वाटला. स्वच्छ, विश्वासू, कोणाचे वाईट न चिंतणारा. पलीकडे पेन कागदावर चालल्याचे ऐकू येत होते. "अच्छा! रेणू, धागे नाही. हो की! आता नाही विसरणार," मुलगी म्हणाली. मग जराशा संकोचाने, पण उत्सुकतेने, "मग मामा, ती रेघ?"

आता दोनच वाटा होत्या, आणि त्याने दोन्ही शेवटपर्यंत पाहिल्या. एका वाटेवर तो म्हणणार होता की रेघ मी जाणून ओढली, तुझ्या बापाला विचार का. त्या वाटेवर एकतीस वर्षांचा खटला अखेर उघड्यावर येणार होता. पण न्यायासनावर बसायला एक अठरा वर्षांची मुलगी होती जिच्या भुवईत शाई लागली होती आणि जिची उद्या परीक्षा होती. दुसऱ्या वाटेवर तो म्हणणार होता की चूक झाली. म्हणजे त्याला अजून, सव्वीस वर्षे शिकवून, रेणू आणि धागे यांतला फरक समजत नाही. जो प्रश्न त्याच्याकडून एकदा चुकला तोच पुन्हा चुकला, आणि या वेळी शिकवणारा सोप्याही शेजारी नव्हता. हेच आज रात्रीच्या जेवणात त्या घरात सांगितले जाणार होते. आपण शोधून शोधून सोप्याच्या हाती नेमके काय दिले, हे त्याला इतके स्वच्छ दिसले की एखादी बिनचूक आकृती पाहावी तसे तो क्षणभर पाहतच राहिला.

"चूक झाली," तो म्हणाला.

"तुमच्याकडून?" मुलगी खुदकन हसली, त्या हसण्यात खोट शोधूनही सापडली नसती. "बाबांना सांगते हं! ते म्हणतात, जीवशास्त्रात तुमची चूक काढणारा अजून जन्माला यायचाय. थांबा, इथेच आहेत, देऊ का?"

"नको," तो म्हणाला. "तू अभ्यास कर. सकाळी वेळेवर नीघ."

फोनचा दिवा मावळला. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचे लोखंडी दार वर लोटले आणि त्याचा खडखडाट इमारतीवर चढत येऊन विरला. रेघमास्तराने खिशातली पट्टी बाहेर काढली होती. केव्हा काढली ते त्याला ठाऊक नव्हते. तिच्या कडेला लाल शाईचा अंश होता. तो नखाने खरवडू लागला. खारीने आपली वही, कंपास, दोन पेने आणि पाण्याची बाटली एकेक करून छातीशी गोळा केली. नेहमी ती अभ्यास याच टेबलावर करी, दिवा लावून, मामा समोर वर्तमानपत्र वाचत असताना. आज ती आतल्या खोलीकडे निघाली, आणि दारापाशी पोहोचल्यावर वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणित सुटल्यावर येतो तसा एक कोरडा निवांतपणा होता.

"मामा," ती म्हणाली, "ती चूक नव्हती."